रास्पबेरी पाय झिरो आणि यूएसबी नेटवर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रास्पबेरी पाय झिरो, झिरो डब्ल्यू आणि झिरो २ डब्ल्यू हे छोटे, एका बोर्डावरचे संगणक वापरणाऱ्यांसाठी आहे. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, हॉस्टेलच्या वायफायला ब्राउझरमधून लॉगिन करावं लागतं म्हणून बोर्ड त्यावर चढत नाही, अशा वेळी लॅपटॉपला लावलेली एकच यूएसबी केबल बोर्डाला वीजही देते आणि नेटवर्कही.

अडचण आली की बहुतेक जण थेट आयपी पत्त्याच्या मागे लागतात. पत्ता ही पाचवी पायरी आहे. आधी केबल, मग कार्डावरून बूट, मग बोर्डावरचा ड्रायव्हर, मग लॅपटॉपवरचा ड्रायव्हर. या चारही गोष्टी जागेवर असतील तरच पत्त्याकडे वळण्यात अर्थ आहे. खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने लावले आहेत. मधली पायरी गाळू नका.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. उदाहरणं रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीवरची आहेत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासूनची. त्याआधीच्या कृती तेव्हा बरोबर होत्या, पण बुकवर्मने दोन गोष्टी हलवल्या: बूट फाइलींची जागा आणि नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम. जुनी कृती जशीच्या तशी उतरवली तर या दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं.

## यूएसबी केबलमधून नेटवर्क येतं कसं?

झिरोच्या चिपमधला यूएसबी कंट्रोलर दोन भूमिका करू शकतो. एरवी तो यजमान असतो, म्हणजे त्याला पेन ड्राइव्ह किंवा माउस लावता येतो. भूमिका बदलली की तोच बोर्ड लॅपटॉपला लावलेलं उपकरण बनतो. याला गॅजेट मोड म्हणतात. त्यात जी_ईथर हे कर्नल मॉड्यूल चढवलं की लॅपटॉपला वाटतं, आपल्याला एक यूएसबी नेटवर्क कार्ड जोडलं आहे. बोर्डावर यूएसबी० नावाचा इंटरफेस तयार होतो, लॅपटॉपवर दुसरा, आणि दोघांमध्ये जणू एक लॅन केबल टाकलेली असते. राउटर नाही, त्यामुळे पत्ते वाटणारंही कुणी नाही. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ यातच आहे.

## कोणत्या बोर्डांवर हे चालतं?

झिरोची सगळी भावंडं चालतात. पाय ४ आणि पाय ५ यूएसबी-सी पोर्टमधून चालतात, पण त्यांना वीज जास्त लागते आणि लॅपटॉपचं साधं पोर्ट ती पुरवेलच असं नाही. पाय ४ च्या सुरुवातीच्या बोर्डांत यूएसबी-सी पोर्टच्या मांडणीत एक रेझिस्टर कमी होता, त्यामुळे ई-मार्क चिप असलेल्या केबलने ते चालूच होत नाहीत. तिथे साधी केबल वापरा. पाय ३ए+ चालतो, मात्र त्याला दोन्ही टोकांना मोठं ए प्लग असलेली केबल लागते. पाय २बी, ३बी, ३बी+ यांचा नाद सोडा. त्यांच्यात चिप आणि बाहेरची पोर्टं यांच्यामध्ये हब बसवलेला आहे, आणि हबच्या पलीकडून भूमिका बदलता येत नाही.

## झिरोवर दोन सारखी पोर्टं आहेत. केबल कुठे लावायची?

ज्याच्याजवळ 'यूएसबी' छापलं आहे त्यात, म्हणजे एचडीएमआयच्या बाजूच्या, बोर्डाच्या मध्याकडच्या पोर्टमध्ये. कडेच्या 'पॉवर इन' पोर्टमध्ये डेटाच्या तारा जोडलेल्याच नाहीत. तिथे केबल लावली तरी बोर्ड झकास चालू होतो, दिवा लागतो, आणि म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही.

दोन्ही पोर्टांवरचे ५ व्होल्ट बोर्डावर एकमेकांना जोडलेले आहेत. 'पॉवर इन'ला चार्जर आणि 'यूएसबी'ला लॅपटॉप असं एकाच वेळी लावलं तर चार्जरची वीज लॅपटॉपच्या पोर्टमध्ये उलटी जाऊ शकते. वीज एकाच बाजूने द्या.

## केबल ठीक आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

ट्रिमर, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या मायक्रो यूएसबी केबलींत बऱ्याचदा फक्त विजेच्या दोन तारा असतात. तपासायला अँड्रॉइड फोन किंवा कार्ड रीडर त्याच केबलने लॅपटॉपला लावा. फाइली दिसल्या तर केबल डेटाची आहे.

फोन हाताशी नसेल तर झिरो स्वतःच ही चाचणी देतो. मेमरी कार्ड काढा आणि बोर्ड केबलने लॅपटॉपला लावा. कार्ड सापडलं नाही की चिप यूएसबीवरून बूट मागते आणि लिनक्सवर 'एलएसयूएसबी' दिल्यावर झिरोसाठी ०ए५सी:२७६३, झिरो २ डब्ल्यूसाठी ०ए५सी:२७६४ असा क्रमांक दिसतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बीसीएम२७०८ बूट' किंवा 'बीसीएम२७१०' अशी अनोळखी नोंद येते. ती आली म्हणजे केबल, पोर्ट आणि बोर्ड तिन्ही ठीक. कार्ड आत असतानाही हाच क्रमांक दिसत असेल तर दोष कार्डात आहे: नीट बसलेलं नाही किंवा इमेज नीट लिहिली गेलेली नाही.

## कार्डावर नेमके काय बदल करायचे?

कार्ड लॅपटॉपला लावल्यावर 'बूटएफएस' नावाचा छोटा भाग उघडतो. चालू बोर्डावर तोच भाग /बूट/फर्मवेअर/ या जागी असतो. बुकवर्मआधी तो /बूट/ इथे असायचा. त्यातल्या दोन फाइली बदलायच्या.

कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये अगदी शेवटी, [ऑल] या शीर्षकाखाली:

डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२

सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये, 'रूटवेट' या शब्दानंतर एक जागा सोडून:

मॉड्यूल्स-लोड=डीडब्ल्यूसी२,जी_ईथर

कॉन्फिग.टीएक्सटी चौकटी कंसातल्या शीर्षकांनी विभागलेली असते. शीर्षकाखालची ओळ फक्त त्याच बोर्डाला लागू होते. नव्या इमेजमध्ये [सीएम५] खाली 'डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२,डीआर_मोड=होस्ट' अशी ओळ आधीपासूनच असते. ती पाहून 'आपलं काम झालेलंच आहे' असं वाटतं, पण ती कम्प्यूट मॉड्यूल ५ ची आहे आणि शिवाय यजमानाची भूमिका देणारी आहे. झिरोला तिचा काही उपयोग नाही.

सीएमडीलाइन.टीएक्सटी ही फाइल एकाच ओळीची असते. मध्ये एंटर पडला की पुढचं सगळं वाचलं जात नाही. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही.

## मॉड्यूल्स-लोड लिहिलं होतं. पहिल्या बूटनंतर ते गायब झालं, असं का?

कार्ड रास्पबेरी पाय इमेजरने बनवताना वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय वगैरे भरलं असेल, तर इमेजर सीएमडीलाइन.टीएक्सटी च्या शेवटी 'सिस्टमडी.रन' ने सुरू होणारे शब्द जोडून ठेवतो. पहिल्या बूटला ती स्क्रिप्ट चालते आणि स्वतःची खूण पुसताना 'सिस्टमडी.रन' पासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं कापते. तुम्ही तुमचा शब्द ओळीच्या शेवटी लिहिला असेल तर तोही त्याबरोबर जातो. 'रूटवेट'च्या लगेच पुढे लिहा म्हणून वर सांगितलं ते याचसाठी.

## एसएसएच कसं चालू करायचं? 'पाय' आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड चालत नाही.

एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून बोर्डाच्या टर्मिनलमध्ये शिरायची सोय. एप्रिल २०२२ पासून हे तयार खातं काढून टाकलं आहे. इमेजरमध्ये वापरकर्ता, पासवर्ड आणि एसएसएच तिन्ही भरून घ्या. हाताने फाइली बनवण्यापेक्षा ते बरं. पहिल्या बूटला कार्डाचा भाग मोठा केला जातो आणि बोर्ड स्वतःहून पुन्हा सुरू होतो. मूळ झिरो एका कोअरचा आहे; त्याला पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं द्या आणि मध्ये केबल काढू नका.

## सगळं केलं, तरी लॅपटॉपला काहीच दिसत नाही.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एका खिडकीत 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवा आणि केबल काढून पुन्हा लावा. डीमेसेजचं स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी एवढंच. आता जे उमटेल त्यावरून ठरवा.

एकही ओळ उमटत नाही: केबल विजेचीच आहे, पोर्ट चुकीचं आहे, किंवा बोर्ड अजून गॅजेट मोडमध्ये गेलेला नाही. दोन मिनिटं थांबूनही शांतता असेल तर वरची कार्ड काढून करायची चाचणी करा. त्यात बोर्ड दिसला तर दोष कॉन्फिग फाइलींत.

'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड', एरर -७१ किंवा -११०: डेटाच्या तारा आहेत, पण सिग्नल नीट पोचत नाही. -७१ म्हणजे उत्तर विस्कळीत आलं, -११० म्हणजे वेळेत आलंच नाही. आखूड केबल वापरा, हब काढा, लॅपटॉपचं दुसरं पोर्ट बघा. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि बोर्ड बूट होता होता पुन्हा सुरू होतो, तेव्हाही हेच एरर येतात.

०५२५:ए४ए२ हा क्रमांक दिसतो: हा जी_ईथरचाच क्रमांक आहे. म्हणजे बोर्डाची बाजू झाली, आता लॅपटॉपचा ड्रायव्हर आणि पत्ते पाहायचे.

बोर्डावरचा हिरवा दिवाही बोलतो. चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर स्टार्ट फाइल सापडलेली नाही, सात वेळा असेल तर कर्नल. दोन्ही वेळा कार्ड नव्याने लिहिणं हाच जलद मार्ग.

## नेटवर्कच नाही, तर बोर्डाच्या आत बघायचं कसं?

३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल सिरियल अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवा. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये 'एनेबल_यूएआरटी=१' लिहा. अ‍ॅडॉप्टरचा ग्राउंड ६ नंबरच्या पिनला, आरएक्स ८ ला, टीएक्स १० ला. वेग ११५२००. ५ व्होल्टची तार जोडू नका आणि ५ व्होल्ट सिग्नलचा अ‍ॅडॉप्टर वापरू नका. जीपीआयओ पिना तो सहन करत नाहीत. मिनी एचडीएमआय केबल आणि ओटीजी कीबोर्डपेक्षा हा मार्ग सुटसुटीत आहे.

## ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावला तर चालेल का?

नाही. मायक्रो यूएसबीत पाच संपर्क असतात. पाचवा, आयडी नावाचा, ओटीजी अ‍ॅडॉप्टरमध्ये ग्राउंडला जोडलेला असतो, आणि तो तसा दिसला की बोर्ड यजमानाची भूमिका घेतो. लॅपटॉपही यजमान, बोर्डही यजमान. मग बोलणार कोण कुणाशी? साधी केबल वापरा. झिरोचं यूएसबी-ए प्लगमध्ये रूपांतर करणाऱ्या काही जोडपट्ट्यांवरही आयडी कसा जोडला आहे याचा भरवसा नसतो. तिथे ओव्हरलेची ओळ 'डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२,डीआर_मोड=पेरिफेरल' अशी लिहिली की आयडी काहीही सांगो, बोर्ड उपकरणच राहतो.

## 'मॉडप्रोब जी_ईथर' दिलं तर 'नो सच डिव्हाइस' येतं.

जी_ईथरला बसायला गॅजेट कंट्रोलर मिळालेला नाही. 'एलएस /सिस/क्लास/यूडीसी' देऊन पाहा. झिरोवर २०९८००००.यूएसबी, झिरो २ डब्ल्यूवर ३एफ९८००००.यूएसबी दिसायला हवं. रिकामं असेल तर ओव्हरले लागलेला नाही आणि बोर्ड अजून डीडब्ल्यूसी_ओटीजी हा नेहमीचा, यजमानासाठीचा ड्रायव्हर चालवतो आहे. पुन्हा कॉन्फिग.टीएक्सटी आणि [ऑल] तपासा.

कंट्रोलर असेल तर 'कॅट /सिस/क्लास/यूडीसी/*/स्टेट' ही या पानावरची सर्वांत उपयोगी आज्ञा. 'कॉन्फिगर्ड' आलं तर लॅपटॉपने बोर्डाला पूर्ण ओळखलं आहे. 'नॉट अटॅच्ड' आलं तर बोर्ड तयार आहे पण पलीकडे कुणी नाही, म्हणजे केबल. कर्नलच्या नोंदीत 'व्हर्जन: मेमोरियल डे २००८' असं दिसलं तर दचकू नका, जी_ईथरच्या आवृत्तीचं नावच ते आहे, तुमची प्रणाली जुनाट झालेली नाही.

## विंडोज बोर्डाला कॉम पोर्ट समजतं. नेटवर्क कार्ड दिसतच नाही.

विंडोजवरची ही सर्वांत नेहमीची तक्रार. जी_ईथर विंडोजशी आरएनडीआयएस पद्धतीने बोलतं, आणि त्याची ओळख सिरियल पोर्टच्या ओळखीशी इतकी मिळतीजुळती आहे की विंडोज त्याला 'यूएसबी सिरियल डिव्हाइस' म्हणून बसवतं. ड्रायव्हर हाताने बदलायचा.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'पोर्ट्स' खाली केबल लावल्यावर उगवणारी नोंद शोधा. उजवं क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. 'शो कम्पॅटिबल हार्डवेअर' वरची खूण काढा, नाहीतर पुन्हा सिरियलच दिसेल. 'नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स', निर्माता 'मायक्रोसॉफ्ट', आणि यादीतलं आरएनडीआयएसचं नाव: कुठे 'रिमोट एनडीआयएस कम्पॅटिबल डिव्हाइस', कुठे 'यूएसबी आरएनडीआयएस अ‍ॅडॉप्टर'. इशारा येईल, हो म्हणा. ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे. कुठल्या तरी साइटवरून झिप उतरवून त्यासाठी सही तपासणी बंद करण्याचे सल्ले मिळतात. त्यांची गरज नाही.

विंडोज ११ वर एनसीएम या दुसऱ्या यूएसबी नेटवर्क पद्धतीचा ड्रायव्हर अंगचाच आहे. शेवटून दुसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या कॉन्फिगएफएसने एनसीएम गॅजेट बनवलं तर ही कटकट टळते.

विंडोज नव्या कार्डाला 'पब्लिक' नेटवर्क धरतं आणि आत येणारा पिंग अडवतं. बोर्डावरून लॅपटॉपला पिंग जात नाही म्हणून घाबरू नका; लॅपटॉपवरून बोर्डाला करून पाहा.

## मॅकवर काय करावं लागतं?

ड्रायव्हरचं काही नाही. मॅकओएसला आरएनडीआयएस येत नाही, पण जी_ईथर ईसीएम पद्धतही सोबत देतं आणि मॅक ती उचलतो. सेटिंग्जमधल्या नेटवर्क यादीत 'आरएनडीआयएस/ईथरनेट गॅजेट' दिसलं की झालं.

## यूएसबी० दिसतो, पण त्याला पत्ताच नाही.

बुकवर्मवर अडकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण इथे अडकतात, आणि जुन्या कृतींत याचा उल्लेखही नसतो. बुलसाय आवृत्तीपर्यंत डीएचसीपीसीडी हा प्रोग्राम प्रत्येक इंटरफेसला, पत्ता देणारं कुणी नसलं तर, १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपणहून लावून टाकायचा. बुकवर्मात त्याच्या जागी नेटवर्कमॅनेजर आला, आणि त्याच्यासोबत येणारा यूडेव्हचा (नवं उपकरण दिसलं की काय करायचं ते ठरवणारा लिनक्सचा भाग) एक नियम सांगतो की गॅजेट प्रकारच्या इंटरफेसला हात लावायचा नाही. हेतू असा की ज्याने गॅजेट बनवलं तोच त्याचं बघेल. परिणाम असा की यूएसबी० तयार होतो आणि तसाच पडून राहतो.

'एनएमसीएलआय डिव्हाइस' दिल्यावर यूएसबी० समोर 'अनमॅनेज्ड' दिसलं तर हेच कारण. उपाय:

१. /यूएसआर/लिब/यूडेव्ह/रूल्स.डी/ मधली ८५-एनएम-अनमॅनेज्ड.रूल्स ही फाइल /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/ मध्ये त्याच नावाने कॉपी करा. मूळ फाइल बदलू नका. अपडेट आलं की बदल पुसला जातो. ईटीसीमधली त्याच नावाची फाइल मूळ फाइलीच्या जागी वाचली जाते.

२. कॉपीमध्ये 'गॅजेट' शब्द असलेली ओळ शोधा आणि तिच्या शेवटच्या १ चा ० करा.

३. बोर्डावर जोडणी बनवा:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन अ‍ॅड टाइप ईथरनेट आयएफनेम यूएसबी० कॉन-नेम केबल आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल आयपीव्ही४.अ‍ॅड्रेसेस १९२.१६८.७.२/२४

४. बोर्ड पुन्हा सुरू करा. लॅपटॉपच्या त्या कार्डाला हाताने १९२.१६८.७.१ आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या. मग एसएसएच १९२.१६८.७.२ वर.

हे सगळं करायला आधी बोर्डाच्या आत जायला हवं, हा पेच आहेच. सिरियल केबल किंवा तात्पुरता फोनचा हॉटस्पॉट वापरा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर कार्डाचा मोठा भागही उघडतो आणि यूडेव्हची फाइल तिथेच बदलता येते. जोडणीची फाइल तशी हाताने ठेवायची तर /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स/ मध्ये. मालकी रूटची आणि परवानगी ६०० हवी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर तिच्याकडे बघत नाही. विंडोज तो भाग वाचत नाही.

पत्त्यांचा पट्टा निवडताना घरच्या राउटरचा टाळा. जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो, इतर अनेक १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वर. केबललाही तोच पट्टा दिला तर लॅपटॉप बोर्डाची पाकिटं वायफायकडे पाठवत बसतो.

## १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला. बिघाड आहे का?

दोन्ही बाजूंना तसाच असेल तर नाही. पत्ता वाटणारं कुणी नसताना दोघांनी स्वतः निवडलेले पत्ते आहेत आणि ते एकमेकांशी बोलू शकतात. एका बाजूला १६९.२५४ आणि दुसरीकडे १९२.१६८ असेल तर मात्र गाठ पडणार नाही.

उबंटूसारख्या लिनक्सवर लॅपटॉपचा नेटवर्कमॅनेजर डीएचसीपीची, म्हणजे पत्ता वाटणाऱ्याची, वाट बघतो, ४५ सेकंदांनी हार मानतो, आणि पुन्हा तेच. जोडणीच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये 'लिंक-लोकल ओन्ली' निवडा.

## रास्पबेरीपाय.लोकल हे नाव सापडत नाही.

आधी पत्त्याने एसएसएच करा. पत्त्याने जमत असेल तर अडचण फक्त नावाची आहे. इमेजरमध्ये दुसरं होस्टनेम दिलं असेल तर तेच वापरायचं. फायरवॉल यूडीपी ५३५३ अडवत असेल तर नाव सापडत नाही. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा.

पत्ताही ठाऊक नसेल आणि दोन्हीकडे इंटरफेस चालू असेल, तर लिनक्स लॅपटॉपवर 'पिंग एफएफ०२::१%यूएसबी०' द्या. टक्क्याच्या पुढे लॅपटॉपवरच्या इंटरफेसचं खरं नाव. केबलवरचा प्रत्येक जण आयपीव्ही६ वरून उत्तर देतो. स्वतःचा सोडून जो एफई८० पत्ता दिसेल तो बोर्डाचा. त्याच्याही पुढे टक्का आणि इंटरफेस लावून एसएसएच होतं. आयपीव्ही४ कितीही बिघडलेलं असलं तरी हा मार्ग सहसा उघडा असतो.

## दर वेळी लॅपटॉपला नवंच कार्ड दिसतं. सेटिंग टिकत नाही.

जी_ईथर प्रत्येक बूटला दोन्ही बाजूंचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक, मॅक संगणकाशी संबंध नाही) नव्याने निवडतं. लिनक्स लॅपटॉपवर इंटरफेसचं नाव ईएनएक्स आणि पुढे मॅक असं बनतं, म्हणून तेही दर वेळी बदलतं, आणि तुम्ही बनवलेली जोडणी कुणाला लागूच होत नाही. विंडोजमध्ये 'नेटवर्क ५', 'नेटवर्क ६' अशी रांग लागते. मॅक पक्के करा. सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये, त्याच ओळीत, मॉड्यूल्स-लोडच्या पुढे:

जी_ईथर.होस्ट_अ‍ॅडर=०२:२२:८२:१२:३६:५४ जी_ईथर.डेव्ह_अ‍ॅडर=०२:२२:८२:१२:३६:५५

होस्ट म्हणजे लॅपटॉपची बाजू, डेव्ह म्हणजे बोर्डाची. दोन्ही वेगळे हवेत. पहिली जोडी ०२ ठेवा. स्थानिक वापरासाठी राखलेली ती खूण आहे. पहिली जोडी विषम आली, उदाहरणार्थ ०३, तर तो समूहाचा पत्ता ठरतो आणि चालत नाही. दोन-तीन झिरो एकाच लॅपटॉपला लावणार असाल तर प्रत्येकाची शेवटची जोडी निराळी द्या.

## एसएसएच 'होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' म्हणून ओरडतं.

कार्ड नव्याने लिहिलं की बोर्डाची किल्ली बदलते. 'एसएसएच-कीजेन -आर' (इथे आर मोठा) आणि पुढे बोर्डाचं नाव किंवा पत्ता. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत असेल तर केबल, ड्रायव्हर, पत्ता सगळं ठीक आहे, फक्त एसएसएच सेवा चालू नाही.

## बोर्डाला लॅपटॉपचं इंटरनेट द्यायचं आहे.

लिनक्स लॅपटॉपवर त्या कार्डाच्या जोडणीची मेथड 'शेअर्ड' करा. एरवी ती लॅपटॉपला १०.४२.०.१ देते, वरच्या उदाहरणाशी जुळवायचं असेल तर त्याच जोडणीत पत्ता १९२.१६८.७.१/२४ भरा. बोर्डावर गेटवे (बाहेर जायचा रस्ता) १९२.१६८.७.१ आणि डीएनएसही (नावावरून पत्ता शोधणारा) तोच. नाहीतर बोर्डाची मेथड 'ऑटो' ठेवा, म्हणजे पत्ता लॅपटॉपच वाटेल. लॅपटॉपवर डॉकर असेल आणि तरी इंटरनेट पुढे जात नसेल तर डॉकरकडे बघा: तो पुढे जाणाऱ्या पाकिटांचं धोरण 'ड्रॉप' करून ठेवतो.

विंडोजमध्ये वायफायच्या गुणधर्मांत 'शेअरिंग' टॅब. तो चालू केला की विंडोज यूएसबी कार्डाचा पत्ता न विचारता १९२.१६८.१३७.१ करून टाकतं, तुम्ही हाताने दिलेला पुसून. शेअरिंग चालू करताच बोर्ड हरवला अशी तक्रार येते ती यामुळे. बोर्डालाही १९२.१६८.१३७ च्या पट्ट्यात आणा.

८.८.८.८ ला पिंग जातो पण नावाने काही उघडत नाही? डीएनएस. पिंगही जात नाही? 'आयपी रूट' पाहा. झिरो डब्ल्यूवर वायफायही चालू असेल तर दोन डीफॉल्ट मार्ग असतील. कमी मेट्रिकवाला जिंकतो.

## केबल लावली की लॅपटॉपचंच इंटरनेट बंद पडतं!

बोर्डावर डीएनएसमास्क चालवून लॅपटॉपला पत्ता देत असाल तर तो पत्त्यासोबत 'गेटवे मीच' असंही सांगतो, आणि लॅपटॉप सगळी वाहतूक बोर्डाकडे वळवतो. डीएनएसमास्कच्या कॉन्फिगमध्ये 'डीएचसीपी-ऑप्शन=३' आणि 'डीएचसीपी-ऑप्शन=६' अशा दोन ओळी, पुढे काही न लिहिता, टाका. मग तो गेटवे आणि डीएनएस सांगत नाही. बोर्ड तुमचा नसेल तर लॅपटॉपच्या जोडणीत 'आयपीव्ही४.नेव्हर-डीफॉल्ट येस' करा.

## इंटरनेट आहे, पण 'अ‍ॅप्ट अपडेट' म्हणतं की फाइल अजून वैध नाही.

झिरोवर घड्याळाची बॅटरी नाही. 'डेट' देऊन पाहा. तारीख मागे पडली असेल. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ आणणारी सेवा) पोचला की आपोआप सुधारते. कॉलेजच्या नेटवर्कवर एनटीपी अडवलेलं असेल तर 'सुडो डेट -एस' ने हाताने लावा.

## जोडणी मध्येच तुटते.

बहुतेक वेळा वीज. लॅपटॉपचं यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंत देतं, यूएसबी ३ चं ९०० पर्यंत. मूळ झिरोला हे पुरतं. झिरो २ डब्ल्यू चारही कोअर आणि वायफाय एकदम वापरू लागला की यूएसबी २ पोर्ट तोकडं पडू शकतं. इतर पाय बोर्डांवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' कमी व्होल्टेज सांगतं. झिरो मालिकेत ते ओळखणारं सर्किटच नाही, त्यामुळे तिथे शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मल्टीमीटर घ्या, २ आणि ६ नंबरच्या पिनांवर धरा आणि बोर्ड कामात असताना मोजा. ४.७५ च्या खाली जात असेल तर केबल बदला.

दुसरं कारण लॅपटॉपची वीजबचत. लिनक्सवर टीएलपी आणि विंडोजवर 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' पोर्ट झोपवतात. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काही पोर्टांची वीजच जाते आणि बोर्ड खाडकन बंद होतो. असं वारंवार झालं तर कार्डावरची फाइल प्रणाली खराब होते. झाकण मिटण्याआधी 'सुडो पॉवरऑफ'.

## नेटवर्कसोबत सिरियल कन्सोलही हवा आहे.

जी_ईथर आणि जी_सिरियल एकत्र चढत नाहीत; कंट्रोलर एक, त्यावर गॅजेट एकच. त्यासाठी कॉन्फिगएफएस, म्हणजे डिरेक्टरी आणि फाइली लिहून गॅजेट मांडायची कर्नलची सोय. सीएमडीलाइनमधून जी_ईथर काढा आणि त्याजागी लिबकम्पोझिट चढवा. मग /सिस/कर्नल/कॉन्फिग/यूएसबी_गॅजेट/ खाली एक डिरेक्टरी बनवून त्यात हवी ती फंक्शन मांडायची: एनसीएम.यूएसबी०, ईसीएम.यूएसबी०, आरएनडीआयएस.यूएसबी०, एसीएम.जीएस०. शेवटी यूडीसी नावाच्या फाइलीत कंट्रोलरचं नाव लिहिलं की गॅजेट जिवंत होतं. तिथे 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर जी_ईथर अजून कुठून तरी चढतो आहे. विंडोज १० साठी आरएनडीआयएस वापरत असाल तर ओएस डिस्क्रिप्टरमध्ये कम्पॅटिबल आयडी 'आरएनडीआयएस' आणि सब-आयडी '५१६२००१' भरा. दोन्ही रोमन मोठ्या अक्षरांत व अंकांत. मग कॉम पोर्टचा गोंधळ होत नाही.

## बीगलबोन ब्लॅकवर हेच सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, पण तिथे कारखान्यातूनच सगळं मांडलेलं येतं. पोर्ट मिनी यूएसबी आहे. विंडोजवरून १९२.१६८.७.२, मॅक आणि लिनक्सवरून १९२.१६८.६.२, लॅपटॉपला पत्ता बोर्डच देतो. एका पत्त्यावर उत्तर नाही आलं तर दुसरा करून पाहा, आणि त्यानंतर केबल.